जिम्नी ४० मिलिमीटर उचलताना: आधी वजनकाटा, मग स्प्रिंग, मग शॉकअप

लिफ्ट करायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती इंच?" खरा पहिला प्रश्न आहे, "किती किलो?" गाडी किती उंच उभी राहील हे स्प्रिंगवर किती वजन बसलंय त्यावर ठरतं. वजन न मोजता घेतलेला संच रिकाम्या गाडीत माकडउड्या मारतो आणि भरलेल्या गाडीत बसकण मारतो. इथे पाच दारांची मारुती सुझुकी जिम्नी समोर ठेवून सगळं सांगितलं आहे. पुढे-मागे अखंड ॲक्सल (डावं-उजवं चाक जोडणारा एकच आडवा दांडा) आणि कॉइल स्प्रिंग असलेल्या कुठल्याही गाडीला हिशेबाची पद्धत तीच लागू पडते. आकडे मात्र त्या गाडीचे घ्यायचे.

उचलून काय मिळतं, काय मिळत नाही

अखंड ॲक्सलच्या गाडीत स्प्रिंग कितीही उंच बसवली तरी डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलवरचा गिअरचा फुगीर डबा) जमिनीपासून जिथे होता तिथेच राहतो. तो चाकांबरोबर जोडलेला आहे, चेसीबरोबर नाही. कंपनीने सांगितलेला २१० मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स ४० मिमीच्या लिफ्टने २५० होत नाही. गोळा वर जातो तो फक्त टायर मोठा घेतला तर. मूळ १९५/८० आर १५ टायरचा व्यास ६९३ मिमी आहे. २१५/७५ आर १५ चा साधारण ७०३ भरतो, म्हणजे गोळा जेमतेम ५ मिमी वर.

मग लिफ्ट कशासाठी? चेसी, पायरीचा भाग, ट्रान्सफर केसखालचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याखालचा) पोटाचा भाग आणि दोन्ही बंपर वर जातात. पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २,५९० मिमी आहे, तीन दारांच्या जिम्नीपेक्षा ३४० मिमी जास्त. त्यामुळे बांध किंवा उंचवटा ओलांडताना हिचं पोट घासतं. कंपनीचा हा उंचवट्याचा कोन २४ अंश आहे. पोट ४० मिमी वर गेलं की तो सुमारे २७ अंशांवर जातो. कोकणातल्या जांभ्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या रस्त्यावर किंवा मुळशीकडच्या ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्यांमध्ये हे तीन अंश चांगले जाणवतात. शिवाय चाक पूर्ण वर गेल्यावर मडगार्डमध्ये टायरला जागा मिळते.

त्याची किंमतही आहे. गाडीचा जवळजवळ सगळा भार ४० मिमी वर जातो आणि आडव्या उतारावर कलण्याची मर्यादा आधी येते. घाटातल्या वळणावर गाडी आधीपेक्षा थोडी जास्त झुकते. म्हणून रोज वापरायच्या गाडीला ४० मिमी हा चांगला आकडा आहे. ५० मिमी आणि त्यापुढे पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा), पुढच्या भुजा, स्टिअरिंगच्या कांड्या असं एकेक बदलत जावं लागतं. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

कायद्याचं आधी बघा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कलम १८२अ प्रमाणे विनापरवाना बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. स्प्रिंग मागवण्याआधी आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. वॉरंटीत असलेल्या गाडीचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग बदललं की त्या भागांचा दावा अडतो, हेही गृहीत धरा. पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलेलं आहे, तेव्हा त्याचं वजन हिशेबात धरूच नका.

पायरी पहिली: काट्यावर जा

जवळच्या वजनकाट्यावर दोन फेऱ्या करायच्या. पहिली रिकाम्या गाडीची, दुसरी तुम्ही खरोखर जसे फिरता तशी: माणसं, पाणी, हत्यारं, टपावरचं कॅरियर, तंबू, सगळं धरून. दोन्ही वेळा टाकी भरलेली ठेवा. टाकी ४० लिटरची आहे, म्हणजे पेट्रोलचंच वजन ३० किलोच्या आसपास होतं आणि टाकी अर्धी असेल तर तुलना फसते.

प्रत्येक फेरीत तीन वजनं घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं, फक्त मागची चाकं. एक ॲक्सल काट्यावर आणि दुसरा बाहेर असताना काट्याची आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी. उतार असेल तर वजन पुढेमागे सरकतं. गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक सोडलेला. ट्रकचा काटा ५ किंवा १० किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतो, तेवढी चूक पोटात घ्या. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या वीसेक किलोंच्या आत यायला हवं. नाही आलं तर परत मोजा.

रिकामी जिम्नी १,२०० किलोंच्या आसपास भरते आणि सगळं धरून तिची मर्यादा १,५४५ किलो आहे. जाड स्प्रिंग घातली म्हणून ही मर्यादा वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक तेच आहेत. काट्यावर भरलेली गाडी १,६०० दाखवत असेल तर जास्त जाड स्प्रिंग शोधू नका, सामान उतरवा.

आता वजन कुठे आहे ते बघा. चाकांच्या पुढे किंवा मागे लटकणारं वजन स्वतःपेक्षा जास्त पडतं. समजा विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी) आणि तिची बैठक मिळून ६० किलो, पुढच्या ॲक्सलच्या ६०० मिमी पुढे. पुढच्या ॲक्सलवर पडणारं वजन ६० × (१ + ६००/२,५९०), म्हणजे ७४ किलो. आणि मागचा ॲक्सल १४ किलोंनी हलका होतो. मागच्या दारावर टांगलेल्या पाण्याच्या कॅनचंही असंच, फक्त उलट्या दिशेने. काट्याच्या दोन फेऱ्यांत हे आपोआप पकडलं जातं, म्हणून अंदाजाने हिशेब करण्यापेक्षा काटा बरा.

पायरी दुसरी: स्प्रिंग

स्प्रिंगचे दोन आकडे कळले की बाकी सोपं आहे. एक म्हणजे ताठरपणा: ती १ मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात. दुसरा म्हणजे मोकळी लांबी: टेबलावर उभी ठेवली तर किती उंच.

विक्रेता ताठरपणा सांगत नसेल तर मोजून काढता येतो. तारेची जाडी, वेटोळ्याचा मध्य-व्यास (बाहेरचा व्यास वजा तारेची जाडी) आणि काम करणारी वेटोळी मोजा. वर-खाली बैठकीला टेकलेली वेटोळी धरायची नाहीत. जाडीचा चौथा घात × ८,०००, भागिले (८ × व्यासाचा घन × वेटोळी). १२ मिमी तार, ११० मिमी मध्य-व्यास आणि ७ वेटोळी असतील तर उत्तर येतं २.२ किलो प्रति मिमी. जाडीचा चौथा घात आहे, याकडे नीट लक्ष द्या. तार १२ ची १२.५ केली की ताठरपणा १८ टक्क्यांनी वाढतो, १३ केली की ३८ टक्क्यांनी. म्हणून कॅलिपरने मोजा, नुसत्या टेपने नाही. रंगाचा थर खरवडून मोजा, नाहीतर रंगच अर्ध्या मिलिमीटरची चूक करून जातो.

या २.२ च्या स्प्रिंगवर २५० किलो बसले तर ती २५० ÷ २.२ म्हणजे ११४ मिमी दबते. त्याच कोपऱ्यावर विंचमुळे आणखी ३५ किलो आले तर आणखी १६ मिमी. मागे दोन माणसं आणि सामान मिळून मागच्या ॲक्सलवर १६० किलो वाढले तर प्रत्येक स्प्रिंगवर ८०, म्हणजे ३६ मिमी खाली. ४० मिमीची लिफ्ट जवळजवळ सगळी त्या सामानाने खाल्ली! सहलीला निघालेली "लिफ्ट केलेली" गाडी मागून बसलेली दिसते, ती याचमुळे.

आता २.८ ची ताठ स्प्रिंग घेतली तर तेच १६० किलो तिला २९ मिमीच दाबतात. पण रोज एकट्याने ऑफिसला जाताना ती २५० किलोंखाली फक्त ८९ मिमी दबलेली असते. प्रत्येक छोटा खड्डा पाठीत बसतो आणि चाक खाली उतरायला जागा राहत नाही. गाडी आठवड्यातले सहा दिवस रिकामी फिरत असेल तर स्प्रिंग रिकाम्या गाडीसाठी घ्या. सहलीच्या चार दिवसांसाठी मागच्या स्प्रिंगच्या आत बसणारी हवेची पिशवी लावता येते. जड मालाची स्प्रिंग "पुढेमागे उपयोगी पडेल" म्हणून घेणं ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक आहे.

बाजारात मिळणाऱ्या संचांवर वजनाचा पट्टा लिहिलेला असतो: रिकामी गाडी, मध्यम भार, कायमचा जड भार. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन, टफ डॉग या ऑस्ट्रेलियात जम बसलेल्या नावांचे तक्ते याच पद्धतीचे असतात. काट्यावरचा वाढीव आकडा त्या पट्ट्याच्या मध्यावर येईल असा संच निवडा. पुढची जोडी एका पट्ट्यातली आणि मागची दुसऱ्या पट्ट्यातली घेणं अगदी योग्य आहे. पुढे विंच नाही पण मागे ड्रॉवर आणि फ्रिज आहे, तर पुढे हलकी, मागे मध्यम. पाच दारांच्या गाडीसाठीचाच संच आहे ना, हे मात्र विचारून घ्या. तीन दारांची जिम्नी हलकी आहे आणि तिच्यासाठीची मागची स्प्रिंग इथे कमी पडते.

मागे काही स्प्रिंगांची एका टोकाची वेटोळी जवळजवळ असतात. भार वाढला की ती एकमेकांना टेकून बंद होतात आणि उरलेली स्प्रिंग ताठ होते. रिकामी-भरलेली असा मोठा फरक असणाऱ्या गाडीला ही चांगली. पुढच्या बाजूला भार फारसा बदलत नाही, तिथे एकसारख्या वेटोळ्यांची घ्या.

आणि स्पेसर? मूळ स्प्रिंगवर २०–२५ मिमीची चकती ठेवून उंची मिळते, स्वस्तात मिळते, ताठरपणा बदलत नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा: चाक पूर्ण वर जाऊन बंप स्टॉपच्या रबराला टेकतं तेव्हा स्प्रिंग आता चकतीच्या जाडीइतकी जास्त दबलेली असते. सगळी वेटोळी एकमेकांवर बसली तर स्प्रिंग लोखंडी ठोकळा बनते. एकूण ९ वेटोळी आणि १२ मिमी तार असेल तर तो ठोकळा १०८ मिमीचा. बंप स्टॉपवर असताना स्प्रिंगची लांबी त्यापेक्षा निदान १०–१५ मिमी जास्त उरली पाहिजे. उरत नसेल तर बंप स्टॉप तेवढाच खाली आणा. चकतीवर चकती कधीच ठेवू नये.

जिप्सीवाल्यांसाठी एवढंच: तिथे पाटे आहेत, कॉइल नाही. पाट्यांना भट्टीत बाक देऊन मिळवलेली उंची काही महिन्यांत उतरते, कारण गरम केलेल्या पोलादाला पुन्हा नीट पाणी दिलेलं नसतं. नवीन पाटे बनवून घेणं बरं.

पायरी तिसरी: शॉकअप

शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे आपला शॉकअप, गाडीचा भार पेलत नाही. भार स्प्रिंगवर असतो. शॉकअप स्प्रिंगची उसळी जिरवतो आणि बहुतेक गाड्यांत चाक किती खाली लोंबेल हेही तोच ठरवतो. म्हणून ४० मिमीच्या स्प्रिंगवर मूळ शॉकअप ठेवले की खाली जायची वाट ४० मिमीने कमी होते. स्पीडब्रेकरवरून उतरताना चाक लोंबतं, शॉकअप आतून पूर्ण ताणला जातो आणि "ठक्" असा आवाज येतो. तो आवाज दांड्याच्या आतल्या टोकाचा आहे. काही महिन्यांत सील जातं आणि नळीवर तेल दिसू लागतं.

शॉकअप आधी लांबीने निवडा, प्रकार आणि नाव नंतर. मोजायची पद्धत अशी. चेसी स्टँडवर घ्या, त्या ॲक्सलच्या दोन्ही स्प्रिंगा काढा. जॅकने ॲक्सल वर न्या, बंप स्टॉपचं रबर निम्मं दबेपर्यंत. आता वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर मोजा. समजा ३१५ मिमी आलं. मग शॉकअपची बंद लांबी ३०० पेक्षा जास्त नको. १५ मिमीची ही सवलत सोडू नका, कारण शॉकअप बंप स्टॉपच्या आधी बंद झाला तर गाडीचा सगळा धक्का त्याच्या बुडावर आणि चेसीच्या कानावर (शॉकअपचा बोल्ट जिथे बसतो त्या पट्टीवर) येतो. वाकलेला दांडा आणि तडकलेला कान हे त्याचेच परिणाम.

दोन्ही चाकं एकदम वर नेऊन मोजून थांबू नका. एक चाक पूर्ण वर आणि दुसरं पूर्ण खाली करून पुन्हा मोजा. अखंड ॲक्सल तिरका झाला की वरच्या बाजूचं अंतर कधीकधी आणखी कमी होतं, आणि खडकावर गाडी असते ती नेमकी याच अवस्थेत.

मग ॲक्सल हळूहळू खाली सोडा. ब्रेकचा रबरी पाइप, एबीएसची वायर, डिफरन्शियलचा श्वासपाइप आणि पुढच्या हबकडे जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, यातलं पहिलं जे ताठ होऊ लागेल तिथे थांबा. व्हॅक्यूमच्या नळ्या लोक विसरतात. जिम्नीचे पुढचे हब हवेच्या ओढीने जोडले जातात. नळी निसटली तर फोर व्हील लावूनही पुढच्या चाकांना ताकद मिळत नाही आणि माणूस गिअरबॉक्सला दोष देत बसतो. या ठिकाणचं अंतर वजा १० मिमी, ही शॉकअपच्या उघड्या लांबीची कमाल मर्यादा.

इथे एक अडचण येते. शॉकअपमध्ये कान, झडप, सील यांनी अडवलेली जागा असते, साधारण १२० ते १४० मिमी. बंद लांबी ३०० हवी तर दांड्याची धाव १७० च्या आसपास मिळते आणि उघडी लांबी ४७०. खाली ५०० पर्यंत जागा असली तरी तेवढा लांब शॉकअप बंद होताना ३०० मध्ये मावणार नाही. लांबच हवा असेल तर बंप स्टॉप खाली आणावा लागतो, म्हणजे वर जाणारी वाट कमी. ४० मिमीच्या गाडीला ही ओढाताण करू नये. गाडी उभी असताना बोल्टमधलं अंतर ४०० असेल तर वर १०० आणि खाली ७०, हे वाटप चांगलं आहे. आणि वरची २.२ ची स्प्रिंग ११४ मिमी दबलेली असते, म्हणून चाक ७० मिमी खाली गेलं तरी ती ४४ मिमी दबलेलीच राहते, बैठकीतून सुटत नाही. २.८ ची ताठ स्प्रिंग याच ठिकाणी १९ मिमीवर आलेली असते. थोडा लांब शॉकअप लावला की ती मोकळी होऊन खुळखुळते.

आता जोर. शॉकअपचा ओढताना लागणारा जोर स्प्रिंगला आवरतो, दाबताना लागणारा जोर चाकाला. स्प्रिंग २० टक्के ताठ केली तर ओढीचा जोर साधारण १० टक्क्यांनी वाढायला हवा, कारण तो ताठरपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. दुसऱ्या शब्दांत, मध्यम स्प्रिंगसाठी फार कडक शॉकअप लागत नाही. दुकानात दांडा हाताने दाबून "हा कडक आहे, चांगला आहे" असं ठरवू नका. हाताच्या संथ वेगाला झडपा उघडतच नाहीत, तिथे दिसणारा जोर खड्ड्यातल्या जोराशी जुळत नाही.

प्रकार तीन लक्षात ठेवा. दुहेरी नळीचा, कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला शॉकअप बहुतेकांना पुरतो. बाहेरच्या नळीला पोचा पडला तरी तो चालत राहतो. एकेरी नळीचा जास्त दाबाचा शॉकअप लवकर थंड होतो आणि अचूक असतो, पण नळीवर दगड बसून पोचा पडला की पिस्टन अडकतो. शिवाय त्याच्या दाबाने गाडी काही मिलिमीटर वर उचलली जाते, उंचीच्या हिशेबात ते धरा. तिसरा फोम सेलचा: वायूऐवजी आत फोमची पट्टी, त्यामुळे तेलात बुडबुडे होत नाहीत. नळी जाड असते, म्हणून स्प्रिंगला आणि टायरला घासत नाही ना ते बघून घ्या. लडाख-स्पितीच्या पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यावर तासन्‌तास जाणाऱ्याला दुसरा किंवा तिसरा प्रकार उपयोगी. साध्या शॉकअपमध्ये तिथे तेल तापून फेस होतो आणि गाडी होडीसारखी डुलू लागते. वाटेत तसं झालं तर थांबून वीस-पंचवीस मिनिटं निवू द्या. शॉकअपवर पाणी ओतू नका.

मागवायची यादी

स्प्रिंग ४, शॉकअप ४, स्प्रिंगच्या रबरी बैठका ४ (जुन्या चिरलेल्या असतातच), पुढच्या स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडीचं झुकणं आवरणाऱ्या दांड्याच्या) लांब लिंक २, कॅस्टर सुधारणारे ऑफसेट बुश एक संच, ब्रेकचे लांब पाइप किंवा पाइपचे ब्रॅकेट खाली आणणाऱ्या पट्ट्या, आणि एकदाच वापरायचे सगळे लॉकनट.

कॅस्टरच्या बुशबद्दल थोडं. कॅस्टर म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूने दिसणारा मागे झुकलेला कोन. पुढचा ॲक्सल दोन लांब भुजांनी चेसीला धरलेला आहे. चेसी वर गेली की भुजा तिरकी होते आणि तिच्याबरोबर ॲक्सलही पुढे झुकतो. झुकाव अंशांत = ५७.३ × लिफ्ट ÷ भुजेची लांबी. बुश ते ॲक्सल लांबी ६५० मिमी धरली तर ४० मिमीला साडेतीन अंश. एवढा कॅस्टर गेला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि हायवेवर गाडी भटकते. ऑफसेट बुशने बहुतेक भाग परत मिळतो. ते दाबयंत्रावर बसवताना त्यावरची खूण दोन्ही भुजांवर एकाच दिशेला हवी. एक उलटा बसला तर भुजा आपसांत पीळ खातात.

पायरी चौथी: बसवणं

आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. सकाळी सपाट फरशीवर, टायरमध्ये नेमकी हवा भरून, चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उभं अंतर मोजून लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने ते बदलतं.

मागून सुरुवात करा, ते सोपं आहे. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, गाडी उचला, स्टँड चेसीच्या पट्टीखाली द्या, ॲक्सलखाली नाही. ॲक्सलला जॅकचा आधार ठेवूनच शॉकअपचे खालचे बोल्ट काढा. मग पॅनहार्ड रॉडचं एक टोक, ब्रेक पाइपच्या ब्रॅकेटचे बोल्ट. आता जॅक हळू सोडा. शॉकअप आणि स्प्रिंग वेगवेगळ्या असल्यामुळे स्प्रिंग दाबायचं यंत्र लागत नाही, ॲक्सल पुरेसा खाली आला की ती हाताने निघते. पाइपला लटकवून ॲक्सल कधी सोडायचा नाही.

नवीन स्प्रिंग बसवताना तारेचं कापलेलं टोक बैठकीतल्या खाचेला भिडलं पाहिजे. बोट घालून चाचपा. टोक खाचेपासून दोन सेंटिमीटर दूर असेल तर पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये ती फिरून जागेवर बसेल, आणि ती बाजू खाली येईल. संचात डावी-उजवी वेगळी दिलेली असेल तर चिठ्ठी बघूनच लावा.

पुढेही क्रम तोच, शिवाय स्टॅबिलायझरच्या लिंक.

सगळे बोल्ट आधी हातानेच लावा. ज्या बोल्टातून रबरी बुश जातो तो कोणताही बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचा नाही: भुजा, पॅनहार्ड, शॉकअपचे कान, सगळेच. चाकं लावा, गाडी जमिनीवर ठेवा, चार-पाच वेळा बंपर दाबून हलवा, मग खाली सरपटून टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. बुशची आतली लोखंडी नळी बोल्टने पकडली जाते आणि रबर त्या स्थितीत स्थिर होतं. लोंबत्या ॲक्सलवर आवळलं तर जमिनीवर आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. गाडी दहा-पंधरा मिमी जास्त उंच दिसते, एका बाजूला कलते, आणि काही हजार किलोमीटरमध्ये बुश फाटतात. गॅरेजमध्ये घाईत हीच पायरी गाळली जाते. काम दुसऱ्याकडून करून घेत असाल तर या वेळी तिथे उभे राहा.

पायरी पाचवी: सरळ करणं

गाडी वर गेल्याने स्टिअरिंगची आडवी कांडी ओढली जाते आणि चाकं सरळ असतानाही स्टिअरिंग एका बाजूला वळलेलं दिसतं. कांडीवरचा समायोजक फिरवून ते मध्यावर आणा, मग टो (वरून बघता पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत) तपासा. हे सौंदर्यासाठी नाही. ईएसपी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, स्टिअरिंगच्या कोनावरून गाडी वळतेय की नाही ठरवतं. कोन चुकीचा असेल तर दिवा लागतो किंवा सरळ रस्त्यावर एका चाकाला ब्रेक लागतो. अलाइनमेंटवाल्याकडून कॅस्टरचा आकडाही छापून घ्या.

पॅनहार्ड रॉडमुळे ॲक्सल आडवा सरकतो. ८५० मिमीचा रॉड आधीच ६० मिमी तिरका असेल तर ४० मिमीच्या लिफ्टने तो सुमारे ४ मिमी सरकतो. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडून दोन्हीकडे टायरपर्यंतचं अंतर बघा. एवढ्या फरकासाठी समायोजनाचा रॉड घ्यायची गरज नाही.

हेडलाइट खाली करा. ते विसरलं तर समोरच्याला रात्री दिसायचं बंद होतं.

नवीन स्प्रिंगा पहिल्या ५०० ते १,००० किलोमीटरमध्ये पाच-दहा मिमी बसतात. त्यानंतर पुन्हा चारही अंतरं मोजा, सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कला तपासा आणि ब्रेकचे पाइप स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून बघा.

बिघाड कुठे शोधायचा

खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डोलत असेल तर शॉकअपचा ओढीचा जोर कमी आहे. बारीक खडीवर हादरे बसतात पण मोठ्या खड्ड्यात ठीक वाटतं? मग आधी टायरची हवा बघा, नंतर स्प्रिंग गाडीच्या वजनाला जास्त ताठ आहे का ते. एका बाजूला कल असेल तर तिन्ही शक्यता तपासा: स्प्रिंगची अदलाबदल, खाचेत न बसलेलं टोक, हवेत आवळलेले बुश. दुसऱ्या बाजूला चकती घालून कल झाकू नका.

सत्तर-ऐंशीच्या वेगाला खड्डा लागल्यावर स्टिअरिंग जोरात थरथरू लागलं आणि वेग पार कमी करेपर्यंत थांबलंच नाही, तर गाडी त्या दिवशी पुन्हा हायवेला काढू नका. चाकांचा बॅलन्स, पॅनहार्डचे बुश, किंगपिनचे (चाक ज्यावर वळतं त्या खिळीचे) बेअरिंग, कॅस्टर, याच क्रमाने तपासा. पॅनहार्ड तपासायला एकाने गाडी जमिनीवर असताना स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवावं, दुसऱ्याने रॉडच्या टोकावर बोट ठेवून बघावं. बोल्ट आणि कान यांच्यात जरा जरी हालचाल लागली तर तोच गुन्हेगार. जाड स्टिअरिंग डॅम्पर लावला की थरथर काही महिने थांबते, पण सैल झालेला सांधा आत झिजतच राहतो.

फोर व्हील लावल्यावरच गाडीखालून घरघर येत असेल तर पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा (पुढच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढला आहे. कॅस्टर सुधारताना ॲक्सल मागे फिरवला की पिनियनचं तोंड (शाफ्ट ॲक्सलला जिथे जोडतो ते) खाली जातं, म्हणून बुशने शेवटचा अर्धा अंश ओढून घेण्याचा हट्ट करू नये. कॅस्टर थोडा कमी राहिलेला परवडतो. शाफ्टचा क्रॉस (टोकाचा सांधा) मात्र घाटात तुटलेला परवडत नाही.